दयासन ते क्रूस: ‘प्रायश्चित्त’ या शब्दामागचा विधी

मराठी कानाला ‘प्रायश्चित्त’ म्हणजे कृच्छ्र, चांद्रायण. ज्याने पाप केले त्यानेच आचरायचे व्रत. मराठी बायबलात हाच शब्द ‘किप्पेर’ या हिब्रू क्रियापदासाठी वापरला आहे, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात (17:11) वेदीवरचे रक्त देवच इस्राएलाला देतो. माणूस देवाचे काही देणे फेडतो आहे, असा त्या वचनाचा रोख नाही.

मूळ विधी लेवीय 16 मध्ये आहे. दिवस सातव्या महिन्याचा दहावा, योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. पहिला मुख्य याजक अहरोन याचे दोन मुलगे परका अग्नी घेऊन देवासमोर गेले आणि मेले, त्या आठवणीनेच अध्याय उघडतो. म्हणून आत शिरण्याचे नियम इतके काटेकोर. मुख्य याजक स्नान करून साधी तागाची वस्त्रे घालतो. स्वतःच्या व घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा, लोकांसाठी दोन बकरे, शिवाय होमासाठी दोन मेंढे. बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात: एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडायचा. गोऱ्हा कापला की वेदीवरचे निखारे धूपपात्रात आणि बारीक कुटलेला धूप ओंजळीत घेऊन याजक अंतरपटाआड, म्हणजे निवासमंडपाच्या (देवाच्या तंबूरूपी निवासस्थानाच्या) परमपवित्रस्थानात जातो. धुराने दयासन झाकले नाही तर तो मरेल. दयासन, हिब्रूत ‘कप्पोरेत’, म्हणजे कराराच्या कोशावरचे (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांच्या पेटीवरचे) शुद्ध सोन्याचे झाकण, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद. त्यावर गोऱ्ह्याचे रक्त बोटाने शिंपडायचे, मग त्याच्यासमोर सात वेळा. नंतर पहिल्या बकऱ्याचे रक्त तसेच. बाहेर येऊन वेदीच्या शिंगांनाही रक्त लावायचे.

इथे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 20व्या आणि 33व्या वचनांत ‘किप्पेर’चे थेट कर्म पवित्रस्थान आणि वेदी आहे, माणसांच्या बाबतीत ‘त्यांच्यासाठी’ असा प्रयोग येतो. लोकांच्या पापाने देवाचे निवासस्थान मळते आणि रक्ताने ते शुद्ध होते, अशी ही मांडणी. हात ठेवून लोकांची पापे कबूल केली जातात ती दुसऱ्या, जिवंत बकऱ्यावर, आणि लेवीयात त्याला कापत नाहीत. रानात सोडून देतात. प्रवचनांत हे दोन बकरे सर्रास एक केले जातात, आणि मग ‘पाप लादलेला पशू मारला’ असे विधीत नसलेले चित्र उभे राहते. रक्ताशिवाय काहीच चालत नसे, हेही खरे नाही. ज्याला दोन पारवेही परवडत नसत, त्याचे पापार्पण एक दशमांश एफा (धान्याचे माप) सपिठाने होई (लेवीय 5:11). उलट, हेतुपुरस्सर उद्दामपणे केलेल्या पापासाठी गणना 15:30 अर्पणाची सोय ठेवत नाही.

पुढे यरुशलेमात बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात कोशच नव्हता. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाप्रमाणे परमपवित्रस्थानात जमिनीपासून तीन बोटे उंच एक शिळा होती. इ. स. 70 मध्ये मंदिर पडल्यावर यहुदी परंपरेने पश्चात्ताप, प्रार्थना आणि उपवास यांवर हा दिवस टिकवला. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहुदी, त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस.

ख्रिस्ती लेखकांनी हाच विधी येशूकडे वळवला, पण एकाच रीतीने नाही. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात येशू मुख्य याजक आहे आणि अर्पणही. दरवर्षीचे अर्पण इथे ‘एकदाच’ होते. याच पत्राचा 13वा अध्याय छावणीबाहेर जाळलेल्या पशूंची आठवण देऊन येशूने वेशीबाहेर दुःख सोसले असे म्हणतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला (अध्याय 53) दुःख सोसणारा सेवक ‘आशाम’, म्हणजे दोषार्पण, होतो. हा धागा वेगळा. वल्हांडण सणाचा कोकरा तर पापार्पणच नव्हे, तो मिसराच्या दास्यातून सुटकेची खूण. तरी येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या वेळी झाल्याने तोही यात गुंफला गेला. पुढे धर्मशास्त्रज्ञ अन्सेल्मने 1098च्या सुमारास देवाच्या मानाची भरपाई आणि सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने शिक्षा भोगण्याची भाषा आणली. ही भाषा दरबाराची आणि न्यायालयाची, निवासमंडपाची नव्हे. नायसियाच्या मतांगिकारात (चर्चच्या प्राचीन श्रद्धाविधानात) यांपैकी एकही सिद्धान्त नाही.

सर्वांत मोठा वाद एका ग्रीक शब्दावर आहे: ‘हिलास्तेरिऑन’. सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, ‘कप्पोरेत’साठी हाच शब्द येतो आणि रोमकरांस पत्रात (3:25) पौल तो येशूसाठी वापरतो. 1930च्या दशकात बायबल-अभ्यासक सी. एच. डॉड यांनी त्याचा अर्थ पाप पुसणे असा लावला. दुसरे अभ्यासक लिऑन मॉरिस यांनी पुढे देवाचा क्रोध शमवण्याचा अर्थ लावून धरला. प्रचलित मराठी भाषांतरात इब्री 9:5 मध्ये या शब्दाला ‘दयासन’ आणि रोमकरांसमध्ये ‘प्रायश्चित्त’ म्हटले आहे, त्यामुळे दोन्हीकडे एकच शब्द आहे हे मराठी वाचकाला दिसतच नाही.