सीलिॲक असताना बिअर: आधी धान्य विचारा, मग आकडा

सीलिॲकचं, म्हणजे धान्यातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं की पोळी, पाव, बिस्किटं, रवा, शेवया ही वर्ज्य यादी पहिल्याच आठवड्यात पाठ होते. बिअरचा विचार मात्र राहून जातो, कारण ‘तीत गहू कुठे असतो?’ असं वाटतं. बहुतेक साध्या लागर बिअरमध्ये गहू खरंच नसतो. पण तिचा पाया असतो जवाचा माल्ट, आणि या आजारात गव्हाइतकेच जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) हेही वर्ज्य. (जवालाच काही भागांत सातू म्हणतात. आपल्या सातूच्या पिठात मात्र भाजलेला गहूही बहुधा असतो, त्यामुळे तेही बादच.)

ग्लूटेन हे एका प्रथिनाचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. या कुळातलं गव्हात ग्लायाडिन, जवात हॉर्डीन आणि रायमध्ये सेकॅलिन असतं. तिघांतही प्रोलीन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं आणि प्रोलीनपाशी आपल्या पाचकरसांची कात्री चालत नाही. त्यामुळे प्रथिनाचे लांब तुकडे न पचताच लहान आतड्यात पोहोचतात. ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुकं आहेत, त्यांच्यापैकी काहींची रोगप्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भांडणात आतड्याच्याच अस्तरावरच्या अंकुरांची झीज होते. इथे पोट दुखतं की नाही हा मुद्दा दुय्यम आहे. अनेकांना काहीही जाणवत नाही आणि अंकुर मात्र सपाट होत राहतात.

माल्ट करणं आपल्याला नवं नाही. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, तिला मोड आणतो, वाळवून दळतो. जवाचं तेच केलं की माल्ट होतो. मोड येताना तयार झालेली विकरं (एन्झाइम) गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात, ते गोड पाणी हॉप्स (कडवट चवीची फुलं) घालून उकळतात आणि यीस्ट घालून आंबवतात. या वाटेवर बरंचसं हॉर्डीन चोथ्याबरोबर जातं, काही उकळताना साक्याबरोबर तळाशी बसतं. उरलेलं बिअरमध्ये राहतं. ते किती राहिलं हे धान्यावर, गाळण्यावर आणि त्या त्या घाण्यावर (बॅचवर) अवलंबून. गव्हाच्या बिअरमध्ये ते साध्या लागरच्या कित्येक पट असतं. एखादी साधी लागर तपासली तर आकडा कमीही निघतो, आणि मग ‘अमुक ब्रँड चालतो’ अशी कुजबुज सुरू होते. एका बाटलीच्या चाचणीवरून पुढच्या घाण्याची हमी मिळत नाही. शिवाय त्या चाचणीतच एक खोच आहे. तिच्याकडे येऊच.

‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या बिअरच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एकीत मुळातच ग्लूटेन नसलेलं धान्य असतं: ज्वारी, बाजरीसारखी भरडधान्यं, तांदूळ, मका, कुट्टू. दुसरीत नेहमीचा जवाचा माल्टच असतो, पण आंबवताना एक विकर घालून त्यातल्या हॉर्डीनचे तुकडे केलेले असतात. स्पेनची दाउरा आणि अमेरिकेतली ओमिशन या दुसऱ्या जातीच्या. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारं हे विकर आणलं गेलं ते बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून. गढूळपणा आणणारी प्रथिनंही प्रोलीनने भरलेलीच असतात, आणि आपल्या पाचकरसांना जे जमत नाही ते, म्हणजे प्रोलीनपाशी कापणं, हे विकर सफाईने करतं. ग्लूटेन घटणं हा त्याचा आनुषंगिक फायदा.

आता ती खोच. अन्नातलं ग्लूटेन मोजायची नेहमीची एलायझा चाचणी सँडविच पद्धतीची असते. प्रथिनाच्या एकाच रेणूवर दोन ठिकाणी प्रतिपिंड चिकटले तरच तिला ग्लूटेन ‘दिसतं’. पिठात किंवा पावात ही पद्धत उत्तम चालते. बिअरमध्ये प्रथिनाचे तुकडे झालेले असल्याने अनेकदा एका तुकड्यावर दोन जागा सापडत नाहीत आणि उत्तर खऱ्याहून कमी येतं. म्हणून बिअरसाठी स्पर्धात्मक पद्धत वापरतात. तिला एकच जागा पुरते. पण तिच्यातला आर-५ हा प्रतिपिंड ज्या छोट्या क्रमाला ओळखतो त्यातही प्रोलीन आहे, म्हणजे विकर नेमकी ती खूणच कापून टाकतं. खूण नाहीशी झाली म्हणजे आजार चेतवणारे सगळेच तुकडे गेले असं म्हणता येत नाही. शिकागोत सीलिॲक रुग्णांच्या रक्तद्रवावर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांचे प्रतिपिंड अशा प्रक्रिया केलेल्या बिअरला चिकटले. त्यावरून त्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालीच असती असं सिद्ध होत नाही. पण चाचणीचा आकडा आणि शरीराचा निवाडा वेगळे निघू शकतात एवढं नक्की दिसतं. घरी वापरायच्या पट्टीच्या किटने बिअर तपासण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा. त्यातले बरेचसे किट सँडविच पद्धतीचेच असतात.

देशोदेशीचे कायदे इथेच फुटतात. मूळ मर्यादा बहुतेकांनी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, स्वीकारली आहे: किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन. आपल्या एफएसएसएआय या अन्न नियामक संस्थेचीही तीच. पण ब्रिटनमध्ये आणि युरोपात जवापासून केलेली बिअर त्या आकड्याखाली आली की तिच्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येतं. तिच्यात जव आहे हे मात्र लेबलवर दाखवावं लागतं. अमेरिकेत २०२० च्या नियमानुसार आंबवलेल्या पदार्थाला हा शब्द लावायचा तर आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लूटेनमुक्त असावा लागतो. त्यामुळे तिथे जवाच्या अशा बिअरवर ‘ग्लूटेन काढून टाकण्यासाठी प्रक्रिया केलेली’ अशा अर्थाची ओळ दिसते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सर्वांत कडक. तिथे ग्लूटेन मोजण्याइतकंही सापडता कामा नये, आणि ओट किंवा ग्लूटेनवाल्या धान्याचा माल्ट वापरलेला चालत नाही. लंडनच्या दुकानात ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून घेतलेली जवाच्या बिअरची बाटली मेलबर्नमध्ये त्या नावाने विकताच येणार नाही. परदेशात राहणाऱ्या किंवा तिथून बाटली मागवणाऱ्या मराठी माणसाने पुढच्या बाजूची अक्षरं सोडून मागचं लेबल वाचावं ते म्हणूनच.

आणखी एक हिशेब सहसा कोणी करत नाही. एक लिटर बिअर साधारण एक किलो धरली, तर २० च्या मर्यादेला टेकलेल्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत १३ मिलिग्रॅम ग्लूटेन होतं. दोन बाटल्यांत २६. इटलीतल्या २००७ च्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असा सावध सल्ला दिला जातो. बिस्किटं दोन-चार खाल्ली जातात, बिअर अर्ध्या-अर्ध्या लिटरने पोटात जाते. आकडा तोच, मात्रा वेगळी.

आमचं मत सरळ आहे. सीलिॲक असेल तर पहिल्या जातीचीच, म्हणजे मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्याचीच, बिअर घ्यावी, आणि निदान नवं असेल, अस्तर अजून भरून यायचं असेल, तर दुसऱ्या जातीकडे पाहूच नये.

पहिल्या जातीची चव निराळी लागते, त्याचं कारण धान्यातच आहे. जवाचं पिष्ट ६०–६५ अंशांना फुलतं आणि त्या तापमानाला माल्टमधली विकरं जिवंत असतात. ज्वारीचं पिष्ट फुलायला ७० च्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात, तोवर तिच्यातली मुळातच कमी असलेली विकरं मरून जातात. म्हणून धान्य आधी उकळून मग बाहेरून विकर घालावं लागतं, किंवा ज्वारीचा तयार पाक वापरावा लागतो. ज्वारीला जवासारखं टरफल नसल्याने गाळणीही तुंबते. मग भाताचं तूस मिसळतात. फेस धरून ठेवणारी जवाची खास प्रथिनं नसल्याने फेस लवकर बसतो. पातळ अंग आणि किंचित आंबूस झाक हा दोष मानू नये, ते त्या धान्याचं लक्षण आहे. कॅनडाची ग्लुटेनबर्ग, सिएटलची घोस्टफिश, ऑस्ट्रेलियातली ओब्रायन या अशा धान्यांवरच चालणाऱ्या बिअर.

आपल्याकडच्या मेनूकार्डावर ‘ज्वारीची बिअर’ किंवा ‘राइस लागर’ दिसली तर लगेच हुरळू नका. बरेचदा पाया जवाच्या माल्टचाच असतो, ज्वारी-तांदूळ त्यात काही टक्के. नेहमीच्या बाटलीबंद बिअरमध्येही तांदूळ किंवा मका असतो, म्हणून ती तांदळाची होत नाही. वेटरला ‘ग्लूटेन आहे का?’ विचारून उपयोग नाही. बिअर बनवणाऱ्यालाच विचारायचं: बेस माल्ट कशाचा? धान्य त्याच गिरणीत दळता का, जिथे गव्हाचा माल्ट दळला जातो? यीस्ट नवं पाकिटातलं घेता की आधीच्या घाण्याच्या तळातलं? जवाच्या बिअरखालचं यीस्ट उचललं की त्याच्यासोबत हॉर्डीनही येतं. उत्तर अडखळत आलं तर लिंबू-सोडा बरा.

बाहेर गेल्यावर नळाची बिअर टाळा, कारण एकाच नळीतून आज एक आणि उद्या दुसरी बिअर वाहते. बाटली किंवा कॅन समोर उघडून घ्या, ग्लास स्वच्छ धुतलेला मागा. शँडी आणि रॅडलर म्हणजे लिंबाचं गोड पेय मिसळलेली बिअरच. शून्य टक्के अल्कोहोलची बिअरही बहुधा जवाचीच असते. अल्कोहोल काढलं म्हणून हॉर्डीन जात नाही. स्मिर्नॉफ आइस हे बाटलीतलं तयार पेय अमेरिकेत माल्टपासून होतं आणि ब्रिटनमध्ये व्होडकापासून, तेव्हा नावावर जाऊ नये.

बिअरचा हट्ट नसेल तर वाट बरीच सोपी आहे. नाशिकची वाइन द्राक्षांची, गोव्याचं उर्राक आणि काजू फेणी बोंडांच्या रसाची. इथे धान्याचा संबंधच येत नाही. सफरचंदाच्या रसाची सायडर आणि मधापासूनची मीड चालते, फक्त त्यांच्यात माल्ट मिसळलेला नाही हे लेबलवर पाहावं. व्हिस्की जवाची असली तरी ऊर्ध्वपातनात प्रथिनं वाफेबरोबर वर चढत नाहीत, ती भांड्यातच राहतात. नंतर स्वाद मिसळलेले प्रकार तेवढे तपासावेत.

नवीन बिअर सुरू केल्यावर पोट फुगलं म्हणून ग्लूटेनवर, किंवा काही झालं नाही म्हणून बाटलीवर शिक्का मारू नये. बिअरचा वायूच पोट फुगवायला पुरेसा असतो. सीलिॲकमध्ये वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने करत राहावी, आणि जेवण काटेकोर असूनही आकडा उतरत नसेल तर कोणती बिअर, आठवड्याला किती, हे त्यांना न लाजता सांगावं.