नाताळच्या उपासनेत उपसलेली तलवार

नाताळच्या उपासनेत सत्ताधाऱ्यांनी स्वतःला मिरवून घेण्याची सवय आजच्या पुढाऱ्यांनी लावलेली नाही. 25 डिसेंबर 800 रोजी रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये पोप लिओ तिसरे यांनी फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या मस्तकी सम्राटपदाचा मुकुट ठेवला. पोपचा बेत आधी कळला असता, तर एवढा मोठा सण असूनही आपण त्या दिवशी चर्चमध्ये पाऊल ठेवले नसते, असे तो म्हणे, अशी नोंद त्याचा चरित्रकार आइनहार्ट करतो. ती जशीच्या तशी खरी मानणे अवघड आहे. 1066 च्या नाताळात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा आतला जयघोष ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंग्याची शंका आली आणि त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली.

हे दोन्ही राज्याभिषेक होते. नाताळ हे त्यांचे केवळ निमित्त. चौदाव्या शतकात लक्झेंबर्ग घराण्याच्या चार्ल्स चौथ्याने (मध्य युरोपातील पवित्र रोमन साम्राज्याचा राजा, पुढे सम्राट) मात्र उपासनेच्या विधीतच राजासाठी जागा करून घेतली. त्याचा प्रतिस्पर्धी बव्हेरियाचा लुडविग ऑक्टोबर 1347 मध्ये मरण पावला आणि त्याच वर्षीच्या नाताळात, बासेल येथे, चार्ल्सने रात्रीच्या प्रार्थनेतील सातवे वाचन हातात उपसलेली तलवार धरून स्वतः केले. हे वाचन लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले असून, सर्व लोकांची नावनिशी लिहिली जावी अशी कैसर औगुस्ताची आज्ञा झाली, या वाक्याने त्याची सुरुवात होते. ज्या हुकमापायी गर्भवती मरीयेला नासरेथहून बेथलेहेमपर्यंत जावे लागले आणि उतारशाळेत जागा न मिळाल्याने बाळाला गव्हाणीत निजवावे लागले, त्या कथेत रोमन सम्राटांचा वारस म्हणवणाऱ्या चार्ल्सला औगुस्ताचे नाव तेवढे आपले वाटले असावे.

हा केवळ एका धर्मशील राजाचा हौशी उपक्रम नव्हता, हे 1377 मध्ये स्पष्ट झाले. वृद्ध आणि संधिवाताने जर्जर झालेला चार्ल्स आपल्या भाच्याला, फ्रान्सचा राजा चार्ल्स पाचवा याला, भेटण्यासाठी पॅरिसकडे निघाला होता आणि नाताळ सेंट-कँतँ या फ्रेंच राज्यातील गावी करण्याचा त्याचा विचार होता. तलवारीसह ते वाचन फ्रेंच भूमीवर झाले असते, तर त्या भूमीवर सम्राटाचा अधिकार आहे असा त्याचा अर्थ निघाला असता. त्यामुळे साम्राज्याच्या हद्दीत मोडणाऱ्या कांब्रे शहरातच त्याने सण करावा, अशी व्यवस्था झाली व तेथे त्याने वाचन केले. पुढे पॅरिस-प्रवेशासाठी भाच्याने मामाला काळा घोडा पाठवला, कारण आपल्या शहरांत पांढऱ्या घोड्यावरून प्रवेश करणे हे सम्राटाच्या स्वामित्वाचे चिन्ह समजले जाई. पाहुणचारात मात्र फ्रेंच दरबाराने कसर ठेवली नाही.

चार्ल्सचा मुलगा सिगिसमुंड याने हा वारसा अधिक थाटात चालवला. कॉन्स्टान्स येथील धर्मपरिषदेसाठी तो 1414 च्या नाताळच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, राणी बार्बरासह सरोवरातून नौकेने आला. पोप जॉन तेविसावे (पुढे चर्चने त्यांना अधिकृत पोपांच्या यादीतून वगळले) आणि जमलेले धर्माधिकारी त्याची वाट पाहत होते. सिगिसमुंडने डीकनचा (पुरोहिताखालच्या दर्जाच्या धर्मसेवकाचा) पोशाख चढवून शुभवर्तमानातला तोच भाग गायला आणि चर्चच्या रक्षणासाठी म्हणून पोपने त्याच्या हाती तलवार दिली. त्या वेळी बोहेमियाचा धर्मसुधारक यान हुस त्याच शहरात कैदेत होता, तोही सिगिसमुंडने दिलेल्या अभयपत्रावर विसंबून आलेला. तलवार देणारे पोप महाराजही मार्चमध्ये शहरातून पळून गेले आणि मे 1415 मध्ये परिषदेने त्यांना पदच्युत केले.

पोपांचाही या देखाव्यात वाटा होताच. नाताळच्या रात्री आशीर्वादित केलेली तलवार आणि टोपी मर्जीतल्या राजाला देण्याची त्यांची स्वतंत्र प्रथा होती, आणि आसनांची मांडणी तर सर्वस्वी त्यांच्या हाती असे. 1468 मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसरा रोममध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला दाखल झाला व त्यानेही शुभवर्तमान गायले. पण पोप पॉल दुसरे यांनी त्याला दिलेले आसन पोपच्या पावलांच्या उंचीपेक्षा वर नव्हते, असे त्या भेटीच्या वृत्तांतात नमूद आहे.