साखर कामगारांची निवृत्ती पेन्शन (सांगली व सातारा जिल्हे)

साखर कारखान्यांतल्या कायम व हंगामी कामगारांना वयाच्या 58व्या वर्षापासून दरमहा मिळणारी रक्कम. ती 'कर्मचारी पेन्शन योजना 1995' या केंद्रीय योजनेतून मिळते. कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि युनियनच्या कचेरीत तिला 'ईपीएस' किंवा नुसते 'फंडाची पेन्शन' म्हणतात. कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात सांगली, साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी, चिखली, रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, शेंद्रे, भुईंज असे कारखान्यांचे पट्टेच आहेत. तिथल्या कामगार कुटुंबांचा म्हातारपणाचा आधार म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम, ग्रॅच्युइटी आणि ही पेन्शन. ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात आणि निधीचे सभासद नसतात, म्हणून या पेन्शनच्या बाहेर राहतात.

काही देशांत कामगार संघटना आणि मालक मिळून स्वतःचा पेन्शन निधी चालवतात. इथे तसे नाही. निधी केंद्र सरकारच्या भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे असतो आणि सांगली जिल्ह्याचे काम कोल्हापूरच्या क्षेत्रीय कार्यालयातून चालते. पेन्शनची रक्कम मात्र दोनच गोष्टींवर ठरते : नोंदलेले वेतन आणि नोंदलेली सेवा. त्यातले वेतन साखर संघ (कारखान्यांची संघटना), कामगार संघटना आणि राज्य सरकार यांच्या त्रिपक्षीय समितीतल्या करारातून ठरते. सेवा कोणत्या तारखेपासून, कोणत्या नावाने आणि किती दिवसांची लागली, हे कारखान्याच्या दप्तरातून ठरते. म्हणून संघटनेचे पेन्शनविषयक खरे काम निवृत्तीच्या वीस-तीस वर्षे आधीच सुरू होते. निवृत्तीच्या महिन्यात धावाधाव करून त्यातले फार थोडे सुधारता येते.

पैसा कुठून येतो

मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेन्शन भत्ता (गाळप बंद असतानाचा) यांच्या 12 टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते. ती सगळी भविष्यनिर्वाह निधीत जाते, पेन्शनमध्ये तिचा एक रुपयाही जात नाही. कारखानाही तेवढीच रक्कम भरतो, पण तिचे दोन भाग होतात. 8.33 टक्के पेन्शन निधीत जातात आणि उरलेले भविष्यनिर्वाह निधीत. पेन्शनच्या भागाला 15,000 रुपये वेतनाची कमाल मर्यादा असल्याने तो महिन्याला 1,250 रुपयांवर थांबतो. वेतन 24,000 असेल आणि पूर्ण वेतनावर वर्गणी भरली जात असेल, तर कारखान्याच्या 2,880 रुपयांपैकी 1,250 पेन्शनकडे आणि 1,630 निधीकडे वळतात. केंद्र सरकार याच मर्यादेतल्या वेतनावर 1.16 टक्के भर घालते.

ही मर्यादा 1 जून 2001 पासून 6,500 होती आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली. त्याच तारखेपासून आणखी एक बदल झाला. नव्याने निधीचा सभासद होणाऱ्याचे वेतन 15,000 पेक्षा जास्त असेल, तर त्याला पेन्शन योजनेत घेतलेच जात नाही. त्याच्या वाट्याची मालकाची सगळी वर्गणी निधीत जमा होते. त्यामुळे एकाच खात्यात काम करणाऱ्या दोन कामगारांपैकी एकाला पेन्शन आणि दुसऱ्याला नाही, असे घडू शकते. नव्या भरतीतल्या कामगाराने आपण योजनेत आहोत की नाही हे पहिल्याच वर्षी निधीचे पासबुक उघडून पाहावे.

1995 पूर्वी कुटुंब पेन्शन योजना 1971 होती. तीत कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला पेन्शन मिळे, पण हयात कामगाराला निवृत्तीनंतर दरमहा काही मिळत नसे. 16 नोव्हेंबर 1995 रोजी नवी योजना आली तेव्हा जुनीचे सभासद तीत वर्ग झाले. त्यांच्या आधीच्या सेवेचा लाभ वेगळ्या कोष्टकाने काढतात आणि तो पुढच्या सेवेच्या पेन्शनमध्ये मिळवतात.

हंगामी कामगार आणि सेवेची मोजदाद

साखर उद्योगाचा पेच इथे आहे. मोळी टाकल्यापासून पट्टा पडेपर्यंत साधारण चार-पाच महिने गाळप चालते आणि नंतर हंगामी कायम (दर सिझनला परत घेतला जाणारा) कामगार घरी जातो. कारखान्याने त्याला पुढच्या सिझनसाठी बांधून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता म्हणजे रिटेन्शन. वर्गणी कोणत्या रकमांवर कापायची हे सांगताना भविष्यनिर्वाह निधी कायद्याने या भत्त्याचे नाव स्पष्ट घेतले आहे. त्यामुळे ऑफ सिझनच्या रिटेन्शनवर वर्गणी न भरणे ही चूक ठरते, आणि ती पासबुकात महिन्यांच्या रिकाम्या ओळींतून दिसते.

पेन्शनला पात्र होण्यासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षे भरलेलाही पात्र ठरतो. हंगामी आस्थापनेतल्या कामगाराच्या बाबतीत योजनेत खास तरतूद आहे : वर्षातली त्याची प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी पात्रतेसाठी ते वर्ष पूर्ण धरायचे. दहा सिझन केलेल्या कामगाराला कोणी 'तुझे चारच वर्षे भरतात' असे सांगितले, तर या तरतुदीवर बोट ठेवून लेखी उत्तर मागावे. हे फार थोड्यांना माहीत असते, आणि त्यामुळे कितीतरी हंगामी कामगार पेन्शनचा हक्क सोडून फुटकळ रक्कम काढून घेतात.

कायम कामगाराच्या बाबतीत बिनपगारी दिवस निधीच्या पोर्टलवर एनसीपी (वर्गणी नसलेला काळ) या रकान्यात दिसतात. ते सेवेतून वजा होतात. संप, टाळेबंदी, बिनपगारी रजा यांचे दिवस तिथे बरोबर चढले आहेत का, हे दर वर्षी हजेरीपटाशी ताडून घ्यावे लागते. वीस वर्षांनी तो हजेरीपट सापडेलच याची खात्री नसते.

रक्कम कशी निघते

पेन्शनपात्र वेतन गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षे, भागिले 70. पेन्शनपात्र वेतन म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. सप्टेंबर 2014 पूर्वी ती 12 महिन्यांची होती. 20 वर्षे किंवा जास्त सेवा करून 58व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला 2 वर्षांची सेवा वाढवून मिळते.

या सूत्रात 15,000 आणि 35 घातले की 7,500 येतात आणि हाच आकडा गावोगाव ऐकू येतो. सध्या निवृत्त होणाऱ्याला तो लागू पडत नाही, कारण 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500 ची आणि नंतरच्या सेवेला 15,000 ची मर्यादा लावतात. सप्टेंबर 1996 मध्ये लागलेला आणि ऑगस्ट 2026 अखेर 58 पूर्ण करणारा कामगार घ्या. सेवा सलग आणि दोन्ही काळांत वर्गणी कमाल मर्यादेवर असे धरू. पहिल्या 18 वर्षांचे 6,500 × 18 ÷ 70 म्हणजे 1,671 रुपये, नंतरच्या 12 वर्षांचे 15,000 × 12 ÷ 70 म्हणजे 2,571 रुपये. बेरीज 4,242. वाढीव 2 वर्षे धरली की साडेचार हजारांच्या आसपास. सेवेत खंड असेल किंवा वर्गणी कमी वेतनावर भरली असेल, तर आकडा बराच खाली येतो.

नोकरी सोडलेल्या कामगाराला 50व्या वर्षानंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58ला जितकी वर्षे कमी तितक्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते, आणि ती कायमची असते. मुलीच्या लग्नासाठी किंवा विहिरीच्या कर्जासाठी 51व्या वर्षी पेन्शन सुरू करणारा माणूस उरलेले सगळे आयुष्य कमी रकमेवर काढतो. उलट 60 पर्यंत पेन्शन पुढे ढकलली, तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते.

पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय सप्टेंबर 2008 मध्ये बंद झाली. ज्यांनी ती त्याआधी घेतली होती, त्यांची पेन्शन 15 वर्षांनंतर पुन्हा पूर्ण करण्याची तरतूद 2020 मध्ये आली.

कुठे अडते

सर्वाधिक प्रकरणे नाव आणि जन्मतारखेवर परत येतात. भरतीच्या वेळी टाइम ऑफिसात 'बाळू' लिहिले गेले, आधारवर 'बाळासाहेब' आहे. शाळेच्या दाखल्यावरची तारीख एक आणि कारखान्याच्या नोंदवहीतली अंदाजे 1 जून. पत्नीचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. ही दुरुस्ती कामगार आणि कारखाना यांच्या संयुक्त घोषणापत्राने होते आणि जुन्या खात्यांच्या बाबतीत त्यावर कारखान्याची मंजुरी लागते. कारखाना सुरू असताना, सही करणारा अधिकारी जागेवर असताना ती करून घ्यावी. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराला हीच दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडवते.

दुसरी अडचण 58 नंतरच्या वर्गणीची. काही ठिकाणी नोकरी 60 पर्यंत चालते आणि संगणकावर 8.33 टक्के पेन्शनकडे जातच राहतात. 58 पूर्ण झाल्यावर पेन्शनची वर्गणी थांबून ती रक्कम निधीत जायला हवी. तसे झाले नसेल, तर जादा गेलेली रक्कम परत वळवल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही.

तिसरी, आणि सर्वांत नुकसानीची, म्हणजे मधेच पैसे काढणे. एका कारखान्यात सहा वर्षे करून दुसरीकडे जाताना कामगार 10सी अर्जावर पेन्शनचे पैसे काढतो. ती सहा वर्षे पुसली जातात. त्याऐवजी याच अर्जावर योजना प्रमाणपत्र मागता येते, किंवा जुने खाते नव्यात वर्ग करता येते. मग सेवा सलग राहते.

कारखान्याने वर्गणी कापून भरलीच नाही, तर? योजनेत सेवा 'जमा झालेल्या किंवा येणे असलेल्या' वर्गणीवर मोजायची आहे. म्हणजे मालकाच्या थकबाकीने कामगाराचा हक्क बुडत नाही. व्यवहारात मात्र थकबाकी निश्चित होईपर्यंत दावे अडकतात. कलम 7अ खाली चौकशी होऊन रक्कम ठरते, तिच्यावर 12 टक्के व्याज लागते. कारखाना भाडेतत्त्वावर दिला किंवा विकला, तर कलम 17ब प्रमाणे हस्तांतरापूर्वीच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक दोघेही जबाबदार असतात. नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती असते. भाडेकराराच्या वाटाघाटी चालू असतानाच संघटनेने थकबाकीची महिनावार यादी लेखी नोंदवून घ्यावी. करार झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात.

दावा

अर्ज 10डी. सोबत पती-पत्नीचा एकत्र फोटो, आधार, बँक पासबुक आणि 25 वर्षांखालील मुले असतील तर त्यांच्या जन्माचे पुरावे. युएएन (सभासदाचा निधीतला कायम क्रमांक) आधार व बँक खात्याशी जोडलेला असेल, तर अर्ज ऑनलाइन जातो. त्याआधी ई-नामांकन (वारसांची ऑनलाइन नोंद) भरलेले असावे. पूर्ण दावा 20 दिवसांत निकाली काढणे कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्ज त्रुटी काढून परत आला की मुदत नव्याने सुरू होते, म्हणून कागद दोनदा तपासून पाठवावेत. मंजुरीनंतर पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांक मिळतो. जानेवारी 2025 पासून केंद्रीकृत पद्धत आल्याने पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या पेन्शनरला आता पीपीओ बदलून घ्यावा लागत नाही.

निधीची रक्कम आणि ग्रॅच्युइटी यांचे दावे वेगळे करावे लागतात. ग्रॅच्युइटी कायम कामगाराला वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाने मिळते, हंगामी कामगाराला प्रत्येक सिझनमागे 7 दिवसांच्या. ती कारखाना देतो, निधी कार्यालय देत नाही.

कुटुंबाचा वाटा

पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला किंवा पतीला पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, किमान 1,000 रुपये. शिवाय एका वेळी दोन मुलांना 25व्या वर्षापर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या 25 टक्के. आई-वडील दोघेही नसतील, तर 75 टक्के. नोकरीत असताना मृत्यू झाला, तर 10 वर्षांची अट लागत नाही. एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी कुटुंब पात्र होते. विम्याच्या जोडयोजनेतून कमाल 7 लाखांपर्यंतची रक्कम वेगळी मिळते. हा विमा अनेक कुटुंबे मागतच नाहीत, कारण तो असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वाढीची मागणी

ही पेन्शन महागाईशी जोडलेली नाही. मंजूर झालेला आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो. किमान 1,000 रुपयांची हमी सप्टेंबर 2014 मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान 3,000 ची शिफारस केली होती. पेन्शनरांच्या संघटना किमान 7,500 आणि त्यावर महागाई भत्ता मागत आहेत. तीस वर्षे बॉयलरपाशी आणि साखरेच्या पॅनवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मागणी अवाजवी नाही.

पूर्ण वेतनावर पेन्शन देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने काही सभासदांना खुला झाला. त्यासाठी कामगार व कारखाना यांचा संयुक्त पर्याय 11 जुलै 2023 पर्यंत भरायचा होता आणि जुन्या फरकाची रक्कम व्याजासह निधीतून पेन्शनकडे वळवायची होती. ज्यांची वर्गणी पूर्वीपासून त्या त्या वेळच्या कमाल मर्यादेतच भरली जात होती, त्यांना याचा उपयोग झाला नाही.

हयातीचा दाखला

पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा दाखला द्यावा लागतो. तो वर्षातल्या कोणत्याही महिन्यात देता येतो आणि दिल्यापासून 12 महिने चालतो, नोव्हेंबरातच रांग लावण्याची गरज नाही. बँक, पोस्ट किंवा सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर तो होतो. भट्टीवर, गोदामात आणि शेतात काम केलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. दाखला राहून गेल्याने थांबलेली पेन्शन बुडत नाही, दाखला दिल्यावर थकलेले महिने धरून जमा होते.