मीटिंग रेकॉर्डिंग (विखुरलेल्या टीमसाठी)

झूम, टीम्स, गूगल मीट अशा ॲपवरची मीटिंग आवाज आणि शेअर केलेल्या स्क्रीनसकट साठवून ठेवायची आणि जे हजर नव्हते त्यांनी ती नंतर बघायची, याला मीटिंग रेकॉर्डिंग म्हणतात. सगळे एकाच ऑफिसात बसत असतील तर याची फार गरज पडत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारलं की भागतं. पण निम्मी टीम हिंजवडीत, दोघं नागपूरहून घरून आणि बाकीचे कॅलिफोर्नियात असं असलं की कुणीतरी कायम झोपेच्या वेळेला मीटिंगला बसतो नाहीतर मीटिंग चुकवतो, आणि रेकॉर्डिंग खरं तर त्याच्यासाठी असतं. तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे गेली की तेच साडेदहा, ते थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. घरात लहान मूल असलेल्या माणसाने साडेदहाचा कॉल सोडून सकाळी रेकॉर्डिंग बघितलं तर ते कामचुकारपणात मोजू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रकार तसा जुना आहे. वेबेक्स या जुन्या मीटिंग ॲपच्या काळात रेकॉर्डिंग एआरएफ नावाच्या फाइलमध्ये मिळायचं आणि वेगळा प्लेअर टाकल्याशिवाय उघडायचं नाही. एरिक युआन यांनी २०११ मध्ये झूम काढली, टीम्स आणि मीट २०१७ मध्ये आले, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण घराघरात पोचलं.

रेकॉर्डिंग एक तर आपल्या लॅपटॉपवर होतं नाहीतर क्लाउडवर. झूममध्ये लॅपटॉपवर केलं तर मीटिंग संपल्यावर फाइल कन्व्हर्ट व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात लॅपटॉप बंद केला तर व्हिडिओच्या जागी अर्धवट फाइल उरते आणि ती नंतर पुन्हा कन्व्हर्ट करावी लागते. क्लाउडवरचं रेकॉर्डिंग झूममध्ये पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं. मीटचं रेकॉर्डिंग मीटिंग बोलावणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये जाऊन पडतं.

आपल्याकडच्या आयटीत सगळ्यात जास्त रेकॉर्ड होतं ते केटी (नॉलेज ट्रान्सफर), म्हणजे नोकरी सोडून चाललेला माणूस नोटिस पिरियडमध्ये आपलं काम दुसऱ्याला समजावतो ते सेशन. आणि सगळ्यात जास्त हरवतं तेही केटीच. कारण साधं आहे, टीम्सचं रेकॉर्डिंग चॅनेलमधली मीटिंग असेल तर टीमच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे सामायिक साठ्यात जातं पण एरवी कुणातरी एका माणसाच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या एकट्याच्या साठ्यात जातं, आणि तो माणूस म्हणजे बरेचदा सोडून चाललेलाच असतो. त्याचं अकाउंट बंद झालं की काही दिवसांनी वनड्राइव्हही जातं. शिवाय टीम्समध्ये रेकॉर्डिंगला मुळातच १२० दिवसांची मुदत लावलेली असते, ॲडमिनने बदलली नाही किंवा फाइलवर जाऊन वाढवली नाही तर चार महिन्यांनी ते रिसायकल बिनमध्ये जातं, आणि नवीन माणसाला त्या केटीची खरी गरज पाचव्या-सहाव्या महिन्यात पडते, जेव्हा वर्षातून एकदाच चालणारा एखादा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, फेल होतो. म्हणून केटी झाली की त्याच दिवशी फाइल टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये कॉपी करायची, उद्यावर ढकलायचं नाही.

बघण्याचं म्हणाल तर एका तासाचं रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ४० मिनिटांत होतं, पण तेवढंही कुणी पूर्ण बघत नाही आणि बघायची गरजही नसते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ॲपने आपोआप लिहून काढलेलं बोलणं, असेल तर प्रत्येक ओळीपुढे वेळ असते, शब्द शोधायचा आणि त्या मिनिटाला जायचं. पण इंग्रजी लावून ठेवलेलं ट्रान्सक्रिप्ट आपल्या बोलण्यापुढे हात टेकतं, मध्येच कुणी "अरे ते कालच डिप्लॉय केलं ना" म्हणालं की तिथे भलतेच इंग्रजी शब्द उमटतात आणि नेमकी कामाची गोष्ट शोधून सापडत नाही. आणि "हे इथे टाक, मग ते काढ" असं कर्सर फिरवत बोललेलं नुसतं वाचून काहीच कळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना फाइलचं, स्क्रीनचं, माणसाचं नाव तोंडाने घ्यायची सवय लावावी लागते. हल्ली एआय लगेच सारांश देतो, मदत होतेच, पण नुसती चर्चा झालेली गोष्ट तो कधी कधी ठरली म्हणून लिहितो, तेव्हा हजर असलेल्या एकाने तरी तो वाचून दुरुस्त करायला हवा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी म्हणजे पाच ओळींची नोट, काय ठरलं, कुणी करायचं, आणि पुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट.

गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे सगळेच आपापल्या घरून काम करतात, मीटिंगच्या आधी अजेंड्याचं डॉक्युमेंट तयार असतं, बोलता बोलता सगळे त्यातच लिहितात, आणि बऱ्याच मीटिंग्ज त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकल्यात. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडून डेटाबेस चुकून डिलीट झाला तेव्हा दुरुस्तीचं कामसुद्धा त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं होतं.

परवानगीचा मुद्दा मात्र हलका नाही. कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक डेटाचा कायदा लागू आहे, आणि आपल्याकडेही २०२३ मध्ये तसा कायदा झाला. ॲप स्वतः "रेकॉर्डिंग इन प्रोग्रेस" म्हणतं तरी सुरुवातीला तोंडाने विचारलेलं बरं, उशिरा जॉइन झालेल्यालाही सांगावं. आणि वन-ऑन-वन (मॅनेजरशी दोघांतलं बोलणं) किंवा रेट्रो (झालेल्या कामात काय चुकलं, काय जमलं याची टीमची चर्चा) रेकॉर्ड करूच नयेत. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला की नवीन पोरं गप्प होतात, मॅनेजरचं काय चुकलं हे मग कुणी बोलत नाही.

उलट काही मीटिंग्ज रेकॉर्ड करणं सक्तीचंच आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे डायरेक्टर लोक बोर्ड मीटिंगला व्हिडिओवरून बसू शकतात, पण कामकाज तारीख-वेळेसकट रेकॉर्ड होऊन साठवता येईल अशीच सोय वापरावी लागते, आणि २०१४ च्या नियमांनुसार ते रेकॉर्डिंग निदान त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावं लागतं.