ब्रिटन–जर्मनी आरमारी स्पर्धा
(१८९८–१९१४). पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटन व जर्मनी यांच्यात युद्धनौका बांधण्यावरून चाललेली चढाओढ. बड्या सत्तांमधील वैर महायुद्धापर्यंत कसे जाते, याचे उदाहरण म्हणून ती नेहमी दिली जाते. पण जहाजे बांधली म्हणून युद्ध झाले, असा सरळ हिशेब येथे मांडता येत नाही. युद्धाला निमित्त बाल्कनमध्ये मिळाले आणि तोवर ही चढाओढ ब्रिटनने जवळजवळ जिंकली होती. मात्र ती चालू असताना दोन्ही देशांचे मित्र, शत्रू आणि लष्करी बेत ठरून गेले होते.

१८७१ मध्ये एकसंध झालेल्या जर्मनीने शतक संपण्यापूर्वीच पोलादाच्या उत्पादनात ब्रिटनला मागे टाकले. चान्सलर बिस्मार्कचे लक्ष मात्र युरोप खंडावर होते : फ्रान्सला एकटे पाडायचे आणि रशियाशी बिघडू द्यायचे नाही. कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म याने १८९० मध्ये त्याला पदावरून दूर केले, रशियाशी असलेल्या गुप्त कराराची मुदत वाढवली नाही, आणि चार वर्षांत फ्रान्स व रशिया एकत्र आले. विल्हेल्म हा राणी व्हिक्टोरियाचा नातू. आजोळच्या आरमाराचे त्याला कौतुक होते आणि तितकीच असूयाही होती.

या असूयेला योजनेचे रूप दिले ॲडमिरल टिर्पिट्झ याने. तो १८९७ मध्ये नौदल खात्याचा प्रमुख झाला. १८९८ च्या कायद्याने १९ आणि १९०० च्या कायद्याने ३८ मोठ्या युद्धनौकांचे आरमार मंजूर झाले. ब्रिटनला हरवता येईल एवढे आरमार उभारण्याचा त्याचा विचार नव्हता. आपल्याशी लढून ब्रिटन जिंकला, तरी त्याचे इतके नुकसान व्हावे की पुढे फ्रान्स-रशियासमोर त्याला उभे राहता येऊ नये. या धास्तीने ब्रिटन जर्मनीशी नमते घेईल, असा टिर्पिट्झचा हिशेब होता. ब्रिटनचे त्या दोघांशी असलेले वाकडे कायम राहणार, हे त्यात गृहीत होते. ब्रिटनने नेमके तेच बदलले. १९०२ मध्ये जपानशी युती झाली, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोते झाले. दूरच्या समुद्रांतील ब्रिटिश जहाजे मायदेशाकडे वळली. बर्लिनमध्ये याला ‘वेढा’ म्हणत. तो घालायला ब्रिटनला भाग पाडण्यात टिर्पिट्झच्या आरमाराचा वाटा मोठा होता.

१९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात सोडली. जुन्या मोठ्या नौकांवर सहसा चार अवजड तोफा असत, हिच्यावर १२ इंची दहा होत्या. शिवाय वाफेच्या टर्बाइनमुळे वेग २१ नॉट (ताशी सुमारे ३९ किमी.). तिच्यापुढे बाकी सगळ्या युद्धनौका जुन्या ठरल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त ब्रिटनच्याच होत्या! जर्मनीला नव्याने बरोबरी साधण्याची संधी दिसली. अशा नौका जाव्यात म्हणून बाल्टिक व उत्तर समुद्र जोडणारा कील कालवा रुंद करावा लागला. ते काम जून १९१४ मध्ये संपले. जर्मनी गुपचूप वेगाने जहाजे बांधत आहे, अशी आवई १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये उठली. नौदलाने सहा जहाजे मागितली होती, काटकसरवाले चारच देत होते, आणि शेवटी आठ मंजूर झाली. ती भीती अतिरंजित होती, हे मागाहून कळले.

१९१२ मध्ये ब्रिटिश मंत्री हॉल्डेन बर्लिनला जाऊन आला. जहाजे कमी करण्याच्या बदल्यात युद्धात तटस्थ राहण्याचे वचन जर्मनीला हवे होते. ते ब्रिटनने दिले नाही. जर्मनीचा पैसा यानंतर मुख्यतः भूदलाकडे वळला. चढाओढ ओसरली, पण तिच्यापायी केलेली एक व्यवस्था मागे राहिली आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. उत्तर समुद्रात बळ एकवटण्यासाठी ब्रिटनने भूमध्य समुद्रातील मोठ्या नौका कमी केल्या. फ्रान्सने आपले आरमार तिकडे नेले. फ्रान्सचा उत्तर किनारा त्यामुळे उघडा पडला. एकमेकांच्या मदतीला धावण्याचे लेखी बंधन कोणावरही नव्हते, तरी २ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन जहाजांना इंग्लिश खाडीत शिरू न देण्याचे आश्वासन ब्रिटनला फ्रान्सला द्यावेच लागले. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्यावर, ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला. गंमत अशी, की २८ जूनला बाल्कनमधील साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाल्याची बातमी आली तेव्हा ब्रिटिश युद्धनौका कीलच्या नौकाशर्यतींना पाहुण्या म्हणून आलेल्या होत्या.

एवढ्या खर्चाने उभारलेली ही आरमारे पूर्ण बळानिशी एकदाच भिडली, ३१ मे १९१६ रोजी डेन्मार्कच्या जटलंड किनाऱ्याजवळ. ब्रिटनची १४ आणि जर्मनीची ११ जहाजे बुडाली, पण समुद्रावरचा ताबा ब्रिटनकडेच राहिला. ऑक्टोबर १९१८ मध्ये शेवटच्या लढाईसाठी निघण्याचा हुकूम जर्मन खलाशांनी धुडकावला. बंड कीलहून देशभर पसरले आणि ९ नोव्हेंबरला कैसरची सत्ता संपली.

स्पर्धेची एक झळ महाराष्ट्रापर्यंत पोचली. नव्या ब्रिटिश युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालू लागल्या, म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने इराणातील तेल काढणाऱ्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. तेथील तेलसाठ्यांचे रक्षण हा, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या इराकवरील मोहिमेचा एक हेतू होता. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघालेली फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची होती. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे, उपासमार झाल्यावर, डिव्हिजनला तुर्कांना शरण जावे लागले.

या स्पर्धेला युद्धाचे कारण म्हणून किती वजन द्यायचे, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. जहाजांची बरोबरी एवढेच कारण असते, तर युद्धनौकांवर मर्यादा घालणारा १९२२ चा वॉशिंग्टन करार समजत नाही : जर्मनीला जी बरोबरी ब्रिटनने कधी मान्य केली नाही, ती या करारात त्याने अमेरिकेला लेखी दिली. अमेरिकी आरमार अटलांटिकपलीकडचे होते. जर्मन आरमाराचे तळ मात्र उत्तर समुद्रावर, ब्रिटनच्या अगदी समोर होते.