पन्नास टक्के, पण कशाचे?

कोथरूडला आमच्या गच्चीवर 3 किलोवॉटची सोलर पॅनेलं बसली, तेव्हा शेजारच्या काकांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे तासाला 3 युनिटं, दिवसाला 72!" हिशोब चोख, फक्त सूर्याला विचारायचं राहिलं. इन्व्हर्टरच्या पडद्यावर एप्रिलच्या भर दुपारी 2.3 किलोवॉट दिसतं, संध्याकाळी सातला शून्य. दिवसाकाठी साधारण 12 युनिटं, म्हणजे 72चा सहावा हिस्सा.

जुलै 2025मध्ये बातमी आली, की भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून बाकीच्या) स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला. पॅरिस कराराखाली दिलेलं 2030चं वचन पाच वर्षं आधीच पूर्ण! कामगिरी मोठीच आहे. पण 'अर्धा देश कोळशाशिवाय चालतो' असं जे व्हॉट्सॲपवर फिरलं, ते काकांचंच गणित. क्षमता म्हणजे तोटी केवढी, युनिटं म्हणजे बादलीत पाणी किती पडलं. कोळशाची केंद्रं रात्रीही चालतात, म्हणून प्रत्यक्ष विजेत सुमारे 70 टक्के वाटा अजून कोळशाचाच.

उत्सर्जनाची तीव्रता 2005च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवायचं वचनही असंच जपून वाचावं. तीव्रता म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन. ती घटली तरी एकूण धूर वाढू शकतो.

खरी अडचण संध्याकाळी सातची. दुपारची वीज ठेवायची कुठे? बॅटरी आहेच, पण मला भुरळ पडते ती पाण्याची: दुपारी पंपानं वर चढवायचं, रात्री खाली सोडून त्यावर वीज बनवायची. एक युनिट साठवायला हजार लिटर पाणी 367 मीटर वर चढवावं लागतं. आमच्या इमारतीची उंची 20 मीटर धरली, तर हजार लिटरच्या टाकीत युनिटचा अठरावा भाग मावतो. रात्रीच्या 6 युनिटांसाठी गच्चीवर शंभराहून जास्त टाक्या! म्हणून सह्याद्रीचा कडा लागतो. घाटघरला 250 मेगावॉटचा असा उदंचन प्रकल्प आहे. पाणी चढवायला 5 युनिटं खर्च केली, तर परत मिळतात 4च्या आसपास. चुंबकावर फुकट वीज बनवणारे व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी हा तोटा एकदा वहीत मांडून पाहावा.

गंमत म्हणजे ही युक्ती आधी कोळशाच्या विजेसाठीही वापरली जायची. रात्री मागणी कमी, कोळशाची केंद्रं मात्र सहज बंद करता येत नाहीत, म्हणून पंप मध्यरात्री चालवायचे. आता त्यांची पाळी भर दुपारची.