दोन सेपरेट वेज: २००५ चं कोणतं, २०२३ चं कोणतं, आणि रिव्ह्यू नक्की कुणाचे

सोलापुरात चार गेमवाली पोरं एकत्र बसली आणि कॅपकॉम कंपनीच्या रेसिडेंट ईव्हिल ४ या हॉरर शूटिंग गेमचा विषय निघाला की हमखास दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी तिशी-पस्तिशीची, ज्यांनी गल्लीतल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून प्लेस्टेशन २ वर खेळलंय, आणि दुसरी कॉलेजातली, ज्यांनी डायरेक्ट २०२३ च्या रिमेकपासून (तोच गेम नव्याने बनवलेला) सुरुवात केलीय. कुणीतरी म्हणतं सेपरेट वेजला (याच गेमसोबतची जास्तीची स्टोरी) रिव्ह्यू भारी आलेत, लगेच पहिली पार्टी उसळते, "काय बे, ते तर आम्ही शाळेत असतानाच संपवलंय, त्यात नवीन काय?" आणि मग अर्धा तास दोघं दोन वेगळ्या गेमबद्दल भांडतात, नाव तेवढं एक.

तर नीट लावून सांगतो. सेपरेट वेज दोन आहेत. एक २००५ चं, जे प्लेस्टेशन २ च्या डिस्कमध्येच होतं. दुसरं सप्टेंबर २०२३ चं, रिमेकसाठी वेगळं विकलेलं एक्स्पान्शन, म्हणजे जोड-भाग. दोन्हीत हिरॉईन गुप्तहेर एडा वाँग, दोन्हीत तेच स्पेनमधलं गाव, आणि मेन गेमचा हिरो लिऑन राष्ट्राध्यक्षांच्या पोरीला, ॲशलीला, सोडवायला धावपळ करत असतो तेव्हा एडा मागच्या बाजूला काय करत होती हीच गोष्ट.

आणि हो, आधी एक तिसरा घोळ बाजूला काढतो. असाइनमेंट एडा नावाचा एक छोटा मोड आहे तो हा नव्हे. तो अगदी पहिल्या गेमक्यूबवाल्या (निन्टेंडोचं मशीन) व्हर्जनमध्येही होता, बेटावर फिरून प्लागाचे (माणसाला ताब्यात घेणारा परजीवी) पाच सॅम्पल गोळा करायचे, शेवटी क्राउझर नावाच्या व्हिलनला पाडायचं, खेळ खल्लास. त्यात स्टोरी म्हणावी असं काहीच नाही. "मी एडाचं खेळलोय" म्हणणारे निम्मे लोक हेच खेळलेले असतात.

आता जुनं घ्या. रेसिडेंट ईव्हिल ४ जानेवारी २००५ ला गेमक्यूबवर आलं, दिग्दर्शक शिंजी मिकामी. गेम फक्त गेमक्यूबलाच राहणार अशी हवा होती, पण २००४ संपायच्या आतच प्लेस्टेशन २ वर पण येणार हे कॅपकॉमने जाहीर करून टाकलं आणि ऑक्टोबर २००५ ला ते आलं. आता अडचण अशी की प्लेस्टेशन २ ची ताकद कमी, त्यामुळे ग्राफिक्स खाली उतरवायला लागले, लायटिंग उतरली. मग त्याच गेमसाठी परत पैसे कोण देईल? म्हणून वर काहीतरी जास्तीचं द्यायचं, ते म्हणजे सेपरेट वेज. पाच चॅप्टर, मेन गेम संपवला की उघडणारे, शिवाय एडाज रिपोर्ट नावाचे व्हिडिओ.

म्हणजे त्या काळच्या रिव्ह्यूंमध्ये सेपरेट वेजचा वेगळा रिव्ह्यू शोधायला गेलात तर मिळायचाच नाही बघा. अख्ख्या डिस्कचा एक रिव्ह्यू, त्यात शेवटाकडे एखादा पॅरेग्राफ, की ग्राफिक्स जरा मार खातात पण एडाचं नवीन कॅम्पेन आहे, त्यामुळे ज्यांनी आधी खेळलंय त्यांनाही कारण आहे. मेटाक्रिटिकवर (समीक्षकांचे मार्क एकत्र करणारी साइट) गेमक्यूबवाल्याचा स्कोअर ९६ आणि प्लेस्टेशन २ वाल्याचाही ९६. दिसायला उतरलेला गेम आणि मार्क तेवढेच, यात माझ्या मते सेपरेट वेजचा वाटा मोठा आहे, पण किती मोठा हे त्या ९६ मधून उपसून काढता येत नाही. आणि कुणी म्हणत असेल की "ओरिजिनल सेपरेट वेजला ९६ होते" तर त्याला सांगा, ते मार्क लिऑनचे आहेत.

आपल्याकडे तर त्यात अजून गंमत झालेली. पार्लरमध्ये एका मशीनला एकच मेमरी कार्ड. कुणीतरी मोठ्या पोराने एकदा गेम संपवून क्लिअर सेव्ह टाकला की मेन्यूमध्ये सेपरेट वेज सगळ्यांनाच दिसायचं. त्यामुळे कित्येकांनी लिऑनची स्टोरी अर्धी पण न बघता डायरेक्ट एडा घेऊन सुरुवात केली, कारण तासात काहीतरी पूर्ण होईल असं वाटायचं. आता ज्या कॅम्पेनचा सगळा मजाच आधीच्या रिकाम्या जागा भरण्यात आहे ते आधी खेळल्यावर काय कळणार डोंबल. उदाहरण सांगतो. मेन गेमच्या सुरुवातीला गावात कुऱ्हाडी, कोयते, चेनसॉ घेऊन सगळं पब्लिक लिऑनच्या अंगावर येतं, गोळ्या संपत आलेल्या, आणि अचानक चर्चची घंटा वाजते, सगळे हातातलं खाली टाकून देवळात निघाल्यासारखे निघून जातात. लिऑन एकटा रस्त्यावर उभा. घंटा कुणी वाजवली? सेपरेट वेजच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये कळतं की एडाने. ज्याने लिऑन म्हणून त्या गावात दहा वेळा मार खाल्लाय त्याला हे बघून टाळ्या वाजवाव्या वाटतात, बाकीच्याला ती फक्त एक घंटा.

जुन्यातल्या तक्रारी पण तेव्हाच होत्या. त्याच जागा परत, तेच शत्रू परत, आणि घाईत बनवल्यासारखं वाटतं. खरं आहे ते. पण डिस्कमध्ये असलेल्या गोष्टीवर कोण किती रागावणार.

नंतर २००७ ला ते पीसीवर आलं तेव्हाही सेपरेट वेज सोबतच होतं, पण ते पोर्ट इतकं रडकं होतं (माऊसने नेमच धरता यायचा नाही, शूटिंगच्या गेमला!) की लोकांचा सगळा राग तिकडेच गेला. २०१४ ला एचडी व्हर्जन आलं स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान), त्यातही ते आहे. थोडक्यात जुनं सेपरेट वेज जन्मभर कुणाच्या तरी पदराला धरूनच फिरलं.

आता नवीन. रिमेक २४ मार्च २०२३ ला आला, प्लेस्टेशन ५ ला मेटाक्रिटिकवर ९३. त्यात सेपरेट वेज नव्हतं. मर्सिनरीज (ठरलेल्या वेळात शत्रू मारून स्कोअर करायचा मोड) पण पहिल्या दिवशी नव्हतं, ते ७ एप्रिलला फुकटात दिलं. आणि २१ सप्टेंबरला सेपरेट वेज, किंमत १० डॉलर, सात चॅप्टर, आरामात खेळलं तर पाच तासांच्या आसपास. त्याच दिवशी मर्सिनरीजमध्ये एडा आणि वेस्कर (एडाला कामाला लावणारा व्हिलन) फुकट.

हे जुन्यावर रंग मारून दिलेलं नाही, नव्याने बांधलंय. एडाच्या हातात ग्रॅपल गन आहे आणि रिव्ह्यूंमध्ये सगळ्यात जास्त कौतुक याचंच झालं, ते योग्यच आहे. जुन्यात हुक फक्त ठरलेल्या जागी वर जायला होता. इथे लांबचा शत्रू गुडघ्यावर आला की हुक मारून उडत जाऊन डायरेक्ट लाथ. पुढे अपग्रेड घेतलं की ढालवाल्याची ढाल हुकने ओढून काढता येते, आणि ढाल गेल्यावर तो जो अर्धा सेकंद बावळटासारखा उभा राहतो ना तेवढ्यासाठी मी त्या कॅसलच्या भागात मुद्दाम गोळ्या न मारता थांबायचो. लिऑनचा खेळ जड पावलांचा, चाकूने वार अडवायचा, हिचा पळता. नकाशा तोच असून हात वेगळा चालतो, म्हणून जागा परत आल्या तरी तेवढं खुपत नाही.

दुसरं कौतुक म्हणजे गाळलेल्या गोष्टी परत आल्या. रिमेकमध्ये जुन्या लोकांनी शोधलं आणि सापडलं नाही ते लेझरचं कॉरिडॉर, रोपवेचा पाळणा, यू-३ नावाचं ते बेकार किळसवाणं जनावर, हे सगळं इथे थोडं रूप बदलून आहे. लुइसला (लिऑनला मदत करणारा शास्त्रज्ञ) जास्त वेळ मिळालाय, आणि एडाला स्वतःलाच प्लागाची लागण झालीय हा जुन्यात नसलेला धागा आहे, त्यामुळे ती फक्त लिऑनची मदतनीस वाटत नाही. वेस्करचं पुढे काय चाललंय ते सांगत नाही, खेळा.

आणि इथेच तो वाद पेटला जो २००५ ला पेटूच शकत नव्हता: हे गाळलेलं मुळात रिमेकमध्येच का नव्हतं? ६० डॉलर घेतले, वर परत १०? जुन्याला डिस्कमध्ये मिळालं होतं ना. आपल्याकडे ताटात शेंगाची चटणी येते तेव्हा तिच्यावर वेगळं मत कुणी देत नाही, कडक भाकरीबरोबर खाऊन मोकळं होतात, पण तीच चटणी पाकिटात घालून किंमत लावून समोर ठेवली की तेल किती, तिखट किती, वजन किती सगळं बघितलं जातं. नवीन सेपरेट वेजचं तेच झालं. त्याला वेगळं पान मिळालं, वेगळे मार्क मिळाले, आणि बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये किंमत हा मुद्दा आला. फक्त बहुतेकांचा निकाल असा पडला की १० डॉलरला एवढं म्हणजे स्वस्तच.

यामागे एक वर्षभर आधीचा अनुभव पण होता असं मला वाटतं. ऑक्टोबर २०२२ ला याच मालिकेतल्या रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजसाठी विंटर्स एक्स्पान्शन आलं, २० डॉलरला, त्यातली स्टोरी शॅडोज ऑफ रोझ. बाहुल्यांच्या घरातला भाग लोकांना आवडला, खरंच टरकते तिथे, पण बाकी कॅसल तोच परत आणि तीन-चार तासात संपलं, त्यामुळे स्वागत जरा कोमटच. ते ताजं असताना निम्म्या किमतीत जास्त लांबीचं आणि खेळायला वेगळं काही आलं तर ते उठून दिसणारच की.

टीका झाली ती दोन-तीन गोष्टींवर. जागा परत वापरल्या ही तर दोन्हीकडे समान. गंमत बघा, तक्रार तीच, पण जुन्यात ती "जाऊ दे, जास्तीचं आहे" म्हणून माफ आणि नव्यात "जाऊ दे, स्वस्त आहे" म्हणून माफ. दुसरं म्हणजे ती आय.आर.आय.एस. लेन्स, डोळ्यात स्कॅनर लावून पावलांचे ठसे शोधायचे. दोन-चार ठिकाणी येते आणि जाते, नसती तरी चाललं असतं. तिसरं एडाचा आवाज. २०१९ च्या रेसिडेंट ईव्हिल २ रिमेकमध्ये तो जोलीन अँडरसनचा होता, इथे लिली गाओचा. तिने २०२१ च्या सिनेमात एडाचं काम केलं होतं. मार्चमध्ये रिमेक आल्यावर तिच्या आवाजावर टीका झाली तिथपर्यंत ठीक, पण लोकांनी तिला वंशावरून, बाई म्हणून जे घाणेरडं बोलून घेतलं ती टीका नव्हती, आणि दोन्ही एकाच पोत्यात घालायचं नाही. सेपरेट वेजमध्ये एडाला बोलायला, घाबरायला, चिडायला जागा मिळाली, त्यामुळे मला तरी तिथे आवाज जमलाय असं वाटलं. मेन गेममध्ये चार ओळी बोलून गायब व्हायची, त्यात कुणाचाही आवाज थंडच वाटला असता.

जाता जाता मार्कांचं. कॉलेजवाली पार्टी स्टीमचे टक्के आणि मेटाक्रिटिकचे मार्क एकाच दमात सांगते, ते करू नका राव. मेटाक्रिटिकचा आकडा म्हणजे समीक्षकांच्या मार्कांची सरासरी, ती पण वजन लावून, आणि कुणाला किती वजन ते बाहेर सांगत नाहीत. स्टीमचे टक्के म्हणजे किती जणांनी अंगठा वर केला एवढंच. शंभर जणांनी "बरंय, घ्या" म्हटलं तरी १०० टक्के होतात, गेम शंभर मार्कांचा होत नाही. त्यात एक्स्पान्शनला अजून एक भानगड असते. ते विकत घेणारा माणूस मेन गेम आवडलेलाच असतो, ज्याला पहिल्या गावातच कंटाळा आला तो एडासाठी पैसे कशाला घालेल? त्यामुळे एक्स्पान्शनचे टक्के वरच असणार, आणि ते मेन गेमच्या टक्क्यांशेजारी ठेवून "बघा, डीएलसी (म्हणजे हे एक्स्पान्शनच) गेमपेक्षा भारी" म्हणणं म्हणजे आपल्याच लग्नातल्या पंगतीत जेवण कसं झालं विचारणं.

म्हणून कुठलाही रिव्ह्यू उघडलात तर आधी तारीख बघा. २००५-०७ चा असेल तर त्यातला सेपरेट वेजचा पॅरेग्राफ तेवढा वाचा, आकडा सोडा. २०२३ चा असेल तर आकडा सेपरेट वेजचाच आहे का रिमेकचा ते बघा, कारण दोघांचं चित्र, नाव, सगळं सारखं दिसतं.

आणि घ्यायचं असेल तर, जुनं हवं असेल तर एचडी व्हर्जनमध्ये आत आहेच, पण आधी लिऑनचा गेम संपवायला लागेल, इथे पार्लरवाला दादा सेव्ह देणार नाही. नव्यासाठी रिमेक असणं गरजेचं, एकटं चालत नाही. फेब्रुवारी २०२४ ला गोल्ड एडिशन आलीय, त्यात रिमेक आणि सेपरेट वेज एकत्रच मिळतं. सेलमध्ये ती घेतलेलं एक पोरगं परवा मला विचारत होतं, डीएलसी वेगळं घ्यायला लागतं का हो? त्याला म्हटलं मेन्यूत खाली बघ, आहे तिथेच, पण आधी लिऑन संपव.